थंडी हे निमित्त, दुखणं जुनंच
(मेडशी येथील बैठकीतील भाषण)



आज सकाळी या बैठकीला निघताना किती जणांची जीप, किती जणांचं पिकअप धक्का मारून सुरू झालं? हात वर करा. लाजू नका, माझाही हात वर असायचा. कापसाच्या भावावर दुपारी बोलायचं आहेच. आत्ता अर्धा तास गाडीवर बोलतो, कारण थंडीत न उठणारी डिझेल गाडी आपल्या खिशातून दरवर्षी पैसा काढते, आणि कधी कधी पैशापेक्षा मोठं काही पणाला लावते.

२०१८ सालचा डिसेंबर आठवा. महिनाअखेर नागपुरात पारा ३.५ अंशांवर गेला होता. इकडेही हातपाय आखडत होते. पहाटे चारला शेजारच्या म्हाताऱ्या आजीला दम लागला. अकोल्याला न्यायचं, मध्ये पातूरचा घाट, आणि माझी जीप सुरू होईना. सेल्फ मारून मारून बॅटरी बसली. चाळीस मिनिटांनी सात-आठ पोरांनी उतारावर ढकलली तेव्हा ती धूर ओकत उठली. आजी वाचली. पण ती चाळीस मिनिटं मी विसरलो नाही.

पुढे काय झालं ते ऐका. मिस्त्री म्हणाला, बॅटरी गेली. बदलली. एका नव्या बॅटरीला जवळपास क्विंटलभर कापूस जातो, हे तुम्हाला सांगायला नको. चार दिवसांनी पुन्हा तेच. मग सेल्फ खोलला, भरला. पुन्हा तेच. मग सांगितलं, इंजिनच उतरवावं लागेल. तेव्हा मी थांबलो. म्हटलं, अरे, आपण शेतकी कॉलेजात काय शिकलो? पऱ्हाटी लाल पडली की शेतकरी म्हणतो, थंडीनं लाल्या आला. थंडी तर साऱ्या शिवारावर सारखीच पडते. मग एकाचं पीक लाल आणि धुऱ्यापलीकडचं हिरवं का? ज्या झाडाला नत्र कमी, मॅग्नेशियम कमी, बोंडांचा भार जास्त, ते थंडीत आधी लाल होतं. थंडी दुखणं उघडं पाडते. गाडीचंही तसंच. शेजाऱ्याची त्याच थंडीत उठते आणि आपली उठत नाही, तर दुखणं आपल्या गाडीत आहे. ते शोधायचं, आणि शोधल्याशिवाय पैसा काढायचा नाही.

डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी ठिणगी नसते. सायकलचा पंप मारताना त्याचं बूड तापतं ना? तेच तत्त्व. रुडॉल्फ डिझेलनं १८९७ मध्ये जर्मनीत याच तत्त्वावर इंजिन चालवून दाखवलं. हवा अठरा-वीस पट दाबली की ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. विहिरीवरचं हँडलचं इंजिन ज्यांनी फिरवलंय त्यांना हे ठाऊक आहे. आधी हलकं करून चाक जोरात फिरवायचं, मग दाब सोडायचा. चाक हळू फिरलं तर इंजिन उठत नाही. थंडीत हवा गार, सिलिंडरचं लोखंड गार, ऑइल घट्ट आणि बॅटरी अशक्त. म्हणजे बैल थकलेला आणि गाडं जड.

आता शोधायचं कसं? आधी कान, मग डोळे, मग हात.

पहिला कान. चावी फिरवली की सेल्फचा आवाज ऐका. इंजिन रोजच्यासारखं झपाट्यानं फिरतं, की कण्हत फिरतं? कण्हत असेल तर दोष विजेच्या बाजूला. बॅटरीची टोकं पाहा. पांढरा-हिरवा थर असेल तर ऋण टोक आधी सोडा, गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्यानं धुवा, घट्ट बसवा, वर व्हॅसलिन लावा. बॅटरीपासून बॉडीला आणि इंजिनाला गेलेली अर्थची जाड वायर तपासा. निम्म्या वेळा दोष इथंच सापडतो आणि खर्च शून्य. मग मीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली गेली तर बॅटरी थकली आहे किंवा सेल्फ जास्त ओढतोय. आणि सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा.

दुसरे डोळे. इंजिन झपाट्यानं फिरतंय पण उठत नाही, तर मागे सायलेन्सरकडे पाहा. पांढरट धूर येतोय? म्हणजे डिझेल आत पोचतंय, पण पेटत नाही. आधी हीटर प्लगवर संशय घ्या. माझ्या जीपचं दुखणं हेच निघालं. चारपैकी तीन प्लग मेलेले! डॅशबोर्डवरचा दिवा रोज लागून विझत होता, म्हणून मी निश्चिंत होतो. पण जुन्या गाड्यांत तो दिवा फक्त वेळ मोजतो, प्लग जिवंत आहे की नाही ते सांगत नाही. तपासणी सोपी आहे. चावी बंद करून प्लगवरची पट्टी सोडा. टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या धन टोकाला, दुसरं प्लगच्या डोक्याला लावा. लॅम्प लागला तर प्लग चालू, नाही लागला तर तो मेला. सगळे चांगले निघाले तर चावी फिरवून पट्टीपर्यंत करंट येतो का पाहा. नसेल तर फ्यूज किंवा रिले. प्लग थेट बॅटरीला जोडून तापवून पाहू नका, नव्या गाड्यांचे कमी व्होल्टचे प्लग जागीच जळतात. बऱ्याच ट्रॅक्टरांना हे प्लग नसतातच, तिथं उगाच शोधू नका.

धूर अजिबात नाही? मग डिझेलच पोचत नाही. इथं हात कामाला येतो. फिल्टरवरचा हातपंप दाबा. तो पोकळ लागला आणि आठ-दहा वेळा दाबल्यावर गाडी लगेच उठली, तर रात्रीतून कुठून तरी हवा शिरते आणि डिझेल टाकीकडे परत जातं. तडकलेले रबरी पाइप, सैल क्लिप, फिल्टरची वायसर पाहा. फिल्टरच्या तळाचं पाणी काढा. ड्रममधलं डिझेल ओतणाऱ्यांनी तर हे आठवड्याला करावं. मात्र कॉमन रेल इंजिनाचे नोझलचे पाइप हवा काढायला म्हणून कधीही सैल करू नका. तिथला दाब कातडी फाडून आत घुसतो.

एवढं सगळं ठीक निघालं, तरच कॉम्प्रेशनची, म्हणजे इंजिनाच्या कामाची गोष्ट. ऑइल खातेय, झाकणातून वाफ मारतेय, गरम असतानाही जड उठतेय, अशा खुणा असतील तर मिस्त्रीकडून कॉम्प्रेशन मोजून घ्या. आकडा पाहिल्याशिवाय इंजिन उतरवू देऊ नका.

काही जण म्हणतात, डिझेल गोठलं. भावांनो, डिझेल गोठतं ते लडाखला. तिथं २०१९ मध्ये इंडियन ऑइलनं उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं वेगळं डिझेल आणलं. आपल्याकडे हिवाळ्यात पंपावर हिवाळ्याचंच डिझेल येतं. उन्हाळ्यात भरून ठेवलेल्या ड्रमचं तेवढं कडाक्याच्या रात्री मेण धरू शकतं. म्हणून टाकीखाली पऱ्हाट्या पेटवायचा उद्योग करू नका. गाडी जाईल, गोठा जाईल, माणूस जाईल. ईथरचा फवाराही हीटर प्लगच्या गाडीत मारायचा नाही. तो प्लगवर भडकतो आणि इंजिन फोडतो.

शेवटी एकच मागणं आहे. गावात एक मीटर, एक टेस्ट लॅम्प आणि चार पाने एका ठिकाणी ठेवा. दोन पोरांना हे शिकवा. मिस्त्री आपला वैरी नाही, पण सुटा भाग बदलण्याआधी त्याला विचारा, "हा खराब आहे हे कशावरून ओळखलं? दाखव." आणि काढलेला भाग मागून घ्या. फवारणीचं औषध घेताना दुकानदाराला आपण हेच विचारायला शिकतोय ना? मग गाडीला वेगळा न्याय कशाला?

आज रात्री घरी गेल्यावर बॅटरीची टोकं पाहून घ्या. पहाटे कुणाला कधी अकोला गाठावं लागेल, सांगता येत नाही.