कूलर खिडकीत बसवताना

श्रोतेहो, होळी पेटली की नागपूरकडच्या घराघरांतून माळ्यावरचा कूलर खाली उतरतो. धूळ झटकायची, जुन्या ताट्या काढून नव्या लावायच्या, चार जणांनी उचलून खिडकीला लावायचा आणि पिन खोचून बटण दाबायचं. झालं काम! आपली हवा कोरडी, म्हणून ओल्या ताट्यांतून आलेला हा वारा आपल्याला मानवतो. रत्नागिरीच्या दमट हवेत हेच यंत्र फारसा उपयोग देणार नाही. २३ मे २०१३ रोजी नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तशा दिवसांत ज्या घरात तान्हं मूल किंवा म्हातारं माणूस आहे, तिथे कूलर हवाच.

पण त्याच दिवसांत विदर्भातल्या वर्तमानपत्रांत आणखी एक बातमी दर वर्षी येते. कूलरमध्ये पाणी भरताना विजेचा धक्का बसून मृत्यू. कधी घरची बाई, कधी शाळकरी पोर. महावितरण दर उन्हाळ्यात सूचना काढते, तरी बातमी येतेच.

असं का होतं ते पाहा. लोखंडी पत्र्याची पेटी, तिच्या पोटात पाणी, पाण्यात बुडालेला छोटा पंप, आणि बाहेर ओल्या जमिनीवर अनवाणी उभं असलेलं माणूस. पंपाची तार उंदराने कुरतडली किंवा तिचं आवरण तडकलं, की वीज पाण्यात आणि पत्र्यात उतरते. कूलर मात्र चालूच राहतो, गार वाराही देतो. बाहेरून काही कळत नाही.

पुष्कळ जण म्हणतात, "आमच्याकडे फ्यूज आहे की!" फ्यूज असतो पाच अँपिअरचा. माणसाचं हृदय बंद पाडायला एका अँपिअरचा दहावा हिस्साही पुरतो. तेवढ्याशा प्रवाहाने फ्यूज हलतसुद्धा नाही. तो तारा जळू नयेत म्हणून बसवलेला असतो. माणसासाठी तो केलेलाच नाही.

माणसासाठी आहे ती तिसरी तार, अर्थिंगची. हिरवी, किंवा हिरवी-पिवळी. ती कूलरच्या पत्र्याला घट्ट आवळलेली असली, म्हणजे पत्र्यात उतरलेली वीज सोप्या वाटेने जमिनीत जाते. तीन पिनांच्या प्लगमधली वरची पिन लांब आणि जाड का असते, हे गुरुजींनी वर्गात मुलांना अवश्य विचारावं. लांब अशासाठी, की प्लग खोचताना ती सर्वांत आधी लागावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी. जाड अशासाठी, की ती दुसऱ्या छिद्रात जाऊच नये. इतका विचार करून केलेली ही पिन आपण बोर्डात बसत नाही म्हणून मोडून टाकतो! काही ठिकाणी तर प्लगच नसतो. दोन उघड्या तारा काडेपेटीच्या काड्यांनी छिद्रांत खोचलेल्या असतात.

आता आपल्या मातीचा एक गुण सांगतो. काळी जमीन मे महिन्यात कोरडी पडते, तिला भेगा जातात. अर्थिंगच्या खड्ड्यातली मातीही सुकते आणि तिचा रोध वाढतो. समजा, तो ५० ओहम झाला. २३० व्होल्टला ५० ने भागा. ४.६ अँपिअर. म्हणजे पाच अँपिअरचा फ्यूज उडणार नाही आणि पत्र्यात वीज तशीच राहील. वर्गात ओहमचा नियम शिकवताना हे गणित फळ्यावर घ्यावं. मुलं घरी जाऊन खड्डा बघतील. उन्हाळाभर त्या खड्ड्यात पाणी घालत राहा.

एवढ्यावर भागत नाही, म्हणून मेन स्विचजवळ आरसीसीबी बसवून घ्या. काही दुकानांत ईएलसीबी म्हणून मागतात. एका तारेने गेलेला प्रवाह दुसऱ्या तारेने तेवढाच परत आला का, याचा ती सारखा हिशेब ठेवते. ३० मिलिअँपिअरची पेटी मागा. तेवढी तूट दिसली की सेकंदभरही न थांबता ती वीज तोडते. तिच्यावर एक चाचणीचं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबून पाहा, पेटी पडली पाहिजे. मात्र पेटी आली म्हणून तिसरी तार काढू नका. तार असली तर बिघाड होताच पेटी पडते. नसली तर कोणाचा तरी हात लागेपर्यंत थांबते. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

आता बसवण्याबद्दल. ५० लिटरच्या टाकीत पाण्याचंच वजन ५० किलो होतं, तेव्हा कूलर खिडकीच्या गजांना तारेने बांधून लटकवू नका. खाली लोखंडी स्टँड पक्क्या जमिनीवर ठेवा. कूलरचा पत्रा गजांना टेकू देऊ नका, मध्ये लाकडी पट्टी किंवा रबर घाला. पत्र्यात वीज उतरली तर गजांतही उतरते, आणि गज धरून उभं राहणं हा तर पोरांचा रोजचा खेळ. कपडे वाळवण्याची तारही कूलरला बांधू नका. बोर्डाकडे जाणारी तार थोडी खाली झोल देऊन वर न्या, म्हणजे तिच्यावरून ओघळलेलं पाणी झोलातून खाली टपकेल, बोर्डात शिरणार नाही.

पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागणार नाही. कित्येक घरांत बटण चुकीच्या तारेवर बसवलेलं असतं. पंखा थांबतो, पण वीज आतच असते. प्लग उपसून बाहेर काढा, मग टाकीला हात लावा. हे काम मुलांना सांगू नका.

आणि कोणी चिकटलंच, तर धावत जाऊन त्याला धरू नका. आधी मेन स्विच पाडा. तो जवळ नसेल तर कोरड्या फळीवर उभं राहून कोरड्या काठीने माणसाला दूर लोटा. श्वास चालत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला शंभर ते एकशे वीस वेळा जोराने दाबत राहा, आणि दुसऱ्या कोणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा. गाडी येईपर्यंत दाबणं थांबवू नका. दमलात तर शेजारच्याला हात लावायला सांगा.