वाल्याचा प्रश्न आणि मोटारसायकलींची टोळी
(नभोवाणीवरील भाषण)



नाटक पाहून घरी परतणारी मंडळी वाटेने काय बोलतात, हे लक्ष देऊन ऐकण्यासारखे असते. प्रथम नटांच्या अभिनयाची वाखाणणी होते, मग एखाद्या प्रसंगाची उजळणी होते. पण थोडे पुढे गेल्यावर बोलणे हटकून एका प्रश्नावर येऊन ठेपते. त्याने केले ते बरोबर केले काय? त्याच्या जागी आपण असतो तर काय केले असते? नाटक मंडळीचा मुक्काम हलला तरी हा वाद गावात मागे राहत असे. आज नाटकाची जागा पुष्कळशी दूरचित्रवाणीच्या मालिकांनी घेतली आहे आणि हा वाद आता चहाच्या दुकानात, वसतिगृहाच्या खोलीत किंवा मोबाइलवर रंगतो. प्रश्न मात्र तोच राहिला आहे.

अशाच एका वादाविषयी आज मला बोलावयाचे आहे. ‘सन्स ऑफ अनार्की’ या नावाची एक अमेरिकन मालिका सप्टेंबर २००८ मध्ये सुरू झाली आणि ७ पर्वे व ९२ भाग होऊन डिसेंबर २०१४ मध्ये संपली. तिचा कर्ता कर्ट सटर. मालिका संपून दशक उलटले, तरी तिच्या चाहत्यांचा वाद संपलेला नाही. कॅलिफोर्नियातील चार्मिंग नावाच्या एका काल्पनिक गावात मोटारसायकलस्वारांची एक टोळी आहे. वरकरणी ती गाड्या दुरुस्त करण्याचा कारखाना चालविते. आतून चोरट्या बंदुकांचा व्यापार करिते. गावात अफूगांजाचे दुकान थाटू देत नाही, म्हणून गावकरी तिच्याकडे काणाडोळा करितात. टोळीतील माणसे एकमेकांना भाऊ म्हणतात, एकमेकांसाठी जीव देतात, आणि तितक्याच सहजतेने दुसऱ्यांचे जीव घेतात.

या टोळ्या केवळ कल्पनेतील नव्हेत. दुसरे महायुद्ध संपल्यावर घरी परतलेल्या कित्येक अमेरिकन तरुणांना शांततेचे जीवन रुचेना. मोटारसायकल आणि सोबती यांतच त्यांना रणांगणावरील मैत्रीची ऊब मिळू लागली. १९४७ च्या जुलै महिन्यात कॅलिफोर्नियातील हॉलिस्टर गावी अशा स्वारांनी दंगा केला आणि वर्तमानपत्रांनी त्याची राईचा पर्वत करून वर्णने छापिली. १९५३ साली मार्लन ब्रँडोने ‘द वाइल्ड वन’ या चित्रपटात अशाच एका स्वाराचे काम केले आणि कातडी जाकिटातील त्या बंडखोराची छबी जगभर पोचली. अशा टोळ्यांना ‘कायद्याबाहेरचे’ म्हणतात. त्याचा मूळ अर्थ एवढाच होता की, मोटारसायकलस्वारांच्या राष्ट्रीय संघटनेची मान्यता त्यांस नव्हती. काही टोळ्यांनी तो शब्द पुढे शब्दशः खरा करून दाखविला. १७ मे २०१५ रोजी टेक्सासमधील वेको शहरी एका उपाहारगृहाच्या आवारात टोळ्यांची झटापट आणि गोळीबार होऊन ९ माणसे प्राणास मुकली. मालिका संपून तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते.

आता कोणी विचारील की, या परक्या टोळीशी आमचा काय संबंध? आमचे मुधोळ बासरच्या सरस्वतीच्या सावलीत वसलेले. १९५६ पर्यंत ते नांदेड जिल्ह्यात होते. राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात गेले. २०१६ पासून ते निर्मल जिल्ह्यात मोडते. जिल्हे बदलले तरी घरातील मराठी राहिली, आणि मराठीबरोबर मराठी माणसाच्या गोष्टीही राहिल्या. त्या गोष्टींशी या मालिकेचा संबंध वाटतो त्याहून निकटचा आहे.

पहिला धागा शेक्सपिअरचा आहे. या मालिकेचा नायक जॅक्स टेलर. त्याच्या बापाने टोळी स्थापिली; तो बाप अपघातात मेला; बापाचा मित्र क्ले मॉरो टोळीचा प्रमुख झाला आणि त्याने जॅक्सची आई जेमा हिच्याशी लग्न केले. बापाने लिहून ठेविलेले एक बाड जॅक्सच्या हाती लागते. टोळी मूळ वाट सोडून कशी भरकटली, याची ती कैफियत आहे. आणि हळूहळू उलगडते की, तो मृत्यू अपघात नव्हता. श्रोत्यांनी ओळखले असेलच, की हा डेन्मार्कचा राजपुत्र हॅम्लेट आहे. भुताच्या ठिकाणी येथे हस्तलिखित आले, इतकाच फरक. हे नाते कर्त्याने लपविलेले नाही. मालिकेच्या अखेरीस पडद्यावर हॅम्लेट नाटकातीलच चार ओळी उमटतात. मराठी वाचकाला हा राजपुत्र जुना परिचित आहे. १८८२ साली गोपाळ गणेश आगरकर टिळकांसह डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते, तेव्हा त्यांनी त्या नाटकाचे ‘विकारविलसित’ हे मराठी रूपांतर हाती घेतले होते. गुन्हा आणि न्याय यांचा खल करणारे हे नाटक मराठीत आले ते कैद्याच्या कोठडीतून, ही गोष्ट मला नेहमीच अर्थपूर्ण वाटत आली आहे.

जॅक्स हा हॅम्लेट खरा काय, यावर चाहते तासन्‌तास बोलतात. क्ले म्हणजे क्लॉडिअस आणि जेमा म्हणजे गर्ट्रूड, इतके सर्वांस मान्य असते. जिवलग मित्र ओपी हा होरेशिओ म्हणावा की नाही, येथे मते फुटतात. माझ्या मते खरा भेद निराळा आहे. हॅम्लेटवर शतकानुशतके आक्षेप आहे तो दिरंगाईचा. पण तो का थांबतो? भुताचे बोलणे खरे की खोटे, हे त्याला पारखून घ्यावयाचे आहे. म्हणून तो राजापुढे नाटक करवितो आणि राजाचा चेहरा वाचतो. जॅक्सजवळ हे थांबणे नाही. त्याची बायको टारा हिचा खून होतो. तो जेमाने, त्याच्या स्वतःच्या आईनेच केलेला असतो. पण ती बोट दाखविते एका भलत्याच माणसाकडे. जॅक्स पुरावा मागत नाही, चौकशी करीत नाही. त्या माणसाचे हालहाल करून त्याला ठार मारितो. त्यातून टोळ्याटोळ्यांत वैर पेटते आणि कित्येक मरतात. सर्वांच्या मुळाशी एक खोटे वाक्य आणि ते न पारखणारा मुलगा. ज्या विलंबाला आपण हॅम्लेटचा दोष म्हणतो, तो न्यायाचा आरंभ असतो, हे जॅक्सकडे पाहिले म्हणजे कळते.

दुसरा धागा बंडाचा आहे. जॅक्सची बाजू घेणारे म्हणतात की, सरकारी माणसे तरी कोठे शुद्ध आहेत? टोळीने निदान गाव राखले. हा युक्तिवाद आपल्या कानांना नवा नाही. उमाजी नाइकाला कंपनी सरकारने दरोडेखोर ठरविले, त्याच्या डोक्यावर इनाम लाविले आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी दिली. आज आपण त्याला क्रांतिवीर म्हणतो. आमच्या शेजारच्या निर्मल येथे रामजी गोंडाला १८६० साली फाशी दिले. त्याच्यासह हजार जणांना एका वडावर लटकाविले, अशी लोकांत आठवण आहे. राज्यकर्त्यांच्या दप्तरात जो गुन्हेगार, तो लोकांच्या मनात हुतात्मा होऊ शकतो. म्हणून कायदा मोडला एवढ्यावरून कोणास अधम म्हणू नये, हे मला मान्य आहे. परंतु येथेच विवेकाची गरज लागते. कायद्याबाहेर गेलेला मनुष्य कोणासाठी गेला आणि त्याची किंमत कोणी भरली, हे विचारले पाहिजे. रामजी गोंडाने आपल्या लोकांसाठी स्वतःची मान दिली. चार्मिंगची टोळी आपल्या धंद्यासाठी दुसऱ्यांच्या माना घेते. तिने विकलेल्या बंदुकांनी परक्या गल्ल्यांत कोणाची मुले मेली, हे गावकऱ्यांस ऐकावयाचे नसते. आपली गल्ली शांत असली म्हणजे पुरे.

आपल्याकडे २०१८ साली प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ हा चित्रपट आला. पुण्याच्या आसपासच्या जमिनी विकल्या गेल्या, पैसा आला तसा गेला, आणि जमीन गमावलेल्या शेतकऱ्याचा मुलगा गुंडांच्या टोळीत गेला, अशी ती कथा. नायकाचा शेवट रक्तातच होतो. चित्रपटाचा रोख अगदी स्पष्ट आहे: जमीन विकू नका, मुले गमवाल. पण तरुण मुलांच्या तोंडी काय राहिले? नायकाची चाल, त्याची ऐट, ते ठसक्याचे गाणे. बापाचे झुकलेले खांदे फारसे कोणाच्या लक्षात राहिले नाहीत. दोष एकट्या चित्रपटाचा नव्हे. आपण पाहताना काय मोजतो आणि काय मोजावयाचे सोडून देतो, हा तो दोष आहे.

आणि मोजण्याची गोष्ट निघाली म्हणजे मराठी मनाला वाल्या कोळी आठवल्यावाचून राहत नाही. ही कथा वाल्मीकीच्या रामायणात नाही. ती पुढच्या काळातील आहे. परंतु मराठी घरांत ती आजीच्या तोंडून ऐकिलेली आहे. वाल्या वाटसरूंना मारी आणि प्रत्येक माणसामागे एक खडा रांजणात टाकी. असे सात रांजण भरले. मग नारद भेटला आणि त्याने उपदेशाचे व्याख्यान न देता एकच प्रश्न विचारला: हे सारे तू ज्यांच्यासाठी करितोस, ते या पापाचे वाटेकरी होतील काय? वाल्या घरी गेला. बायकामुलांनी सांगितले की, आम्हांस पोसणे हे तुझे कर्तव्य. पाप तुझे तुला.

जॅक्स टेलर सात पर्वे एकच वाक्य निरनिराळ्या शब्दांत बोलतो: मी हे माझ्या कुटुंबासाठी करितो. जेमाही तेच म्हणते, आणि कुटुंब राखण्यासाठीच आपल्या सुनेला मारिते. केटी सगाल या अभिनेत्रीने ही आई अशी उभी केली आहे की, तिचा राग येतो आणि कीवही येते; त्या कामासाठी तिला २०११ साली गोल्डन ग्लोब पारितोषिक मिळाले. पण वाल्याचा प्रश्न ना आईने घरात विचारला, ना मुलाने.

तो विचारला जातो अगदी शेवटी. सगळे सत्य कळल्यावर जॅक्स आपल्या हाताने आईला गोळी घालतो. मग तो आपल्या मुलांविषयी सांगून जातो की, त्यांचा बाप कसा होता ते त्यांना खरेखरे सांगा. माझा विचारही त्यांना नकोसा वाटला पाहिजे. बाप आपल्या मुलांसाठी तिरस्काराचा वारसा मागून घेतो! वाल्याच्या घरच्यांनी पापातील वाटा नाकारला. येथे बाप स्वतःच मुलांचा वाटा पुसून टाकितो. साऱ्या मालिकेत मला हे सर्वांत मोठे कृत्य वाटते. त्याच्या बंदुकीच्या कोणत्याही पराक्रमापेक्षा मोठे.

त्यानंतर तो बापाच्याच मोटारसायकलवर बसतो आणि समोरून येणाऱ्या मालमोटारीपुढे दोन्ही हात पसरून जातो. रस्त्याच्या कडेला भाकरीचा तुकडा पडलेला आहे; त्याच्याकडे रक्ताचा ओघळ वाहत येतो. यावर चाहत्यांचे दोन तट आहेत. एक म्हणतो, हे प्रायश्चित्त झाले. दुसरा म्हणतो, ही पळवाट. मी ख्रिस्ती असल्यामुळे भाकर, रक्त आणि पसरलेले हात या खुणा मला निराळ्या सांगावयास नकोत. परंतु क्रूसाची खूण अंगावर घेतली म्हणजे क्रूस वाहिला, असे होत नाही. येशूच्या शेजारी दोन चोरांना क्रूसावर दिले होते. त्यांपैकी एकाची कथा लूकच्या शुभवर्तमानात आहे. तो म्हणाला की, आम्हांला मिळते आहे ती शिक्षा न्याय्यच आहे. आणि आपली आठवण ठेवण्याची त्याने येशूस विनंती केली. आपल्या कर्माचे मोल मुकाट्याने कबूल करणे, ही पश्चात्तापाची पहिली पायरी. ती जॅक्स चढला. दुसरी पायरी अधिक कठीण आहे. वाल्या मेला नाही. तो बसून राहिला, अंगावर वारूळ चढेपर्यंत. जगून फेडणे हे मरून सुटण्यापेक्षा अवघड असते. ज्यांचे बाप, भाऊ, मुले या माणसाने मारिली, त्यांच्या डोळ्याला डोळा देऊन न्यायासनापुढे उभे राहणे, हे प्रायश्चित्त त्याने केले नाही. ईश्वराची दया त्याच्यापर्यंत पोचली असेल काय, हे ठरविण्याचा अधिकार माझा नव्हे. पण त्या मरणाला आदर्श म्हणून तरुणांपुढे ठेवण्यास मी तयार नाही.

मग अशा मालिका पाहूच नयेत काय? मी शिक्षक आहे, आणि बंदीने कोणतीही गोष्ट अधिक गोड होते, हे शिक्षकाइतके कोणास ठाऊक असणार? पाहू द्यावे, आणि पाहिल्यावर बोलू द्यावे. बोलताना फक्त एक रांजण जवळ ठेवावा. ओपी तुरुंगात मित्रासाठी मरण पत्करतो, तेव्हा जगभरचे चाहते हळहळले, टारासाठी रडले. पण ज्यांची नावेही आपल्याला सांगितली गेली नाहीत, जे एका प्रसंगापुरते आले आणि गोळी खाऊन पडले, त्यांच्यासाठी रांजणात खडा कोणी टाकिला? त्यांच्याही घरी कोणी वाट पाहत असेल. मुलांना सांगावे की, पुढच्या खेपेस नायकाचे विजय मोजू नका, खडे मोजा. आणि तो जेव्हा ‘हे मी माझ्या माणसांसाठी करितो’ असे म्हणेल, तेव्हा त्याच्या माणसांना विचारा, यातील वाटा तुम्ही घ्याल काय?

हा प्रश्न पडद्यावरच्या टोळीपुरता नाही. घरात येणारा पैसा कोठून येतो, हे न विचारता तो खर्चणाऱ्या प्रत्येक घराला तो लागू आहे. नारद काही दर वेळी वाटेत भेटत नाही. तो प्रश्न घरातल्या घरातच कोणीतरी, वेळेवर, रांजण भरण्याच्या आत विचारावयास हवा.