बोलता न येणाऱ्या मुलाचे म्हणणे

(सिनेगॉगच्या महिला मंडळाच्या सभेत झालेले भाषण, ध्वनिमुद्रणावरून)



मी व्याख्याती नाही. मुंबईत परिचारिकेची पदविका घेतली, या देशात आल्यावर रुग्णालयात नोकरी केली आणि निवृत्तीपूर्वीची शेवटची नऊ वर्षे नेगेवमधील एका विशेष शाळेत परिचारिका म्हणून काढली. त्या शाळेत ‘मेनताहात हितनहगुत’, म्हणजे वर्तनतज्ज्ञ, असे एक पद होते. हट्टी मुलांना वठणीवर आणणारी बाई, अशी तिच्याविषयी आपल्याकडे समजूत आहे. माझीही प्रथम तीच होती.

शाळेत नऊ वर्षांचा एक मुलगा होता. त्याला वाचा नव्हती. जेवणाच्या वेळी तो ताट भिरकावी आणि मुठीने स्वतःच्या गालावर मारून घेई. वर्गातील सायाअत त्याचे हात धरून थकून जाई. मी एकदा बॅटरी घेऊन त्याचे तोंड पाहू गेले. त्याने ते उघडले नाही. मी नोंदवहीत ‘विशेष काही नाही’ असे लिहिले आणि त्याच्या आईला म्हटले, ‘बाई, लाड जरा कमी करा.’ ते वाक्य आजही मला टोचते.

पुढे वर्तनतज्ज्ञ आली. माझ्या मुलीच्या वयाची. तिने मुलाला काहीच केले नाही. भोजनगृहाच्या कोपऱ्यात कागद घेऊन आठ दिवस बसून राहिली. कागदावर तीन रकाने होते: आधी काय घडले, मुलाने काय केले, त्यानंतर इतरांनी काय केले. ती म्हणे, वागण्याला कारण असते. मुलाला कोणाचे लक्ष हवे असते, एखादी वस्तू हवी असते, नकोशा गोष्टीतून सुटका हवी असते, किंवा त्या कृतीनेच शरीराला बरे वाटत असते. कारण न शोधता उपाय करणे म्हणजे निदानावाचून औषध देणे.

नवव्या दिवशी ती माझ्या खोलीत आली. ‘सूप असते त्या दिवशी तो मारून घेत नाही. सफरचंद असले की घेतो, आणि नेहमी डाव्याच गालावर. मी योजना आखण्यापूर्वी, दुखणे तर नाही ना, हे पाहून द्या.’ रुग्णालयात भूल देऊन तपासणी झाली. डावी दाढ मुळापर्यंत किडून आत पू झाला होता.

तान्हे मूल व बेशुद्ध रुग्ण सांगू शकत नाहीत, त्यांचे दुखणे आपण ओळखावयाचे असते, हे मला विसाव्या वर्षी शिकविले गेले होते. परंतु या मुलाच्या कागदावर ‘वर्तनाची समस्या’ असे लिहिलेले होते. ते वाचून मी दुखणे शोधणेच सोडून दिले.

दाढ काढल्यावर गालावर मारणे थांबले, ताट फेकणे मात्र थांबले नाही. त्याचे उत्तर तिसऱ्या रकान्यात मिळाले. ताट फेकले की त्याला बाहेर नेत. भोजनगृहाचा गोंगाट त्याला सोसत नव्हता. ताट हा त्याचा बाहेर जाण्याचा अर्ज होता. वर्तनतज्ज्ञाने त्याला दाराचे चित्र असलेला पुठ्ठा दिला. पुठ्ठा हातात ठेवला की लगेच बाहेर. ताट फेकून मात्र नाही. पहिल्या आठवड्यात ताटे अधिकच उडाली. तिने आम्हांला आधीच बजावले होते, की जुने दार बंद झाले की मूल ते आधी जास्त जोराने ठोठावते. त्या वेळी आपण नमलो, तर जास्त जोर लावावा हेच ते शिकते. काही आठवड्यांनी तो स्वतः पुठ्ठा देऊ लागला. मोशे राब्बेनूंना बोलणे जड जाई, म्हणून अहरोन त्यांचे मुख झाले, हे आपण दरवर्षी वाचतो. या मुलाचे मुख पुठ्ठ्याचे होते.

आपल्यातील पालकांना एक सांगते. 1988 च्या विशेष शिक्षण कायद्याने 3 ते 21 वर्षांपर्यंतच्या पात्र मुलांना या शिक्षणाचा हक्क दिला आहे. 2018 च्या दुरुस्तीनंतर, पात्रता ठरली की, नेहमीचा वर्ग, विशेष वर्ग की विशेष शाळा, ही निवड आईवडिलांची असते. ‘लोक काय म्हणतील’ या भीतीने समितीपुढे जाणे टाळू नका. गेलेली वर्षे परत मिळत नाहीत.

आता आपल्या घरातली गोष्ट. रोश हशानाला याच सिनेगॉगमध्ये शोफार फुंकला गेला, तेव्हा एक मूल कानांवर हात दाबून किंचाळले. आपण सर्वांनी मागे वळून पाहिले. मीही पाहिले. ते कुटुंब त्यानंतर आलेले नाही. अशा कुटुंबासाठी दाराजवळच्या दोन खुर्च्या राखून ठेवू. शोफार केव्हा फुंकणार, हे त्यांना आधी सांगू. आणि ‘त्याला गप्प करा’ असे न म्हणता ‘त्याला कशाने बरे वाटते?’ असे विचारू.

या आठवड्यात मी त्यांच्या घरी जाणार आहे. प्रथम क्षमा मागेन, मग हाच प्रश्न विचारेन. माझ्यासोबत कोणी येणार असेल, तर सभेनंतर मला भेटावे.

शालोम.