गाडीवरचा पवित्रा
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बडोदे येथे दिलेले भाषण)



महोत्सवाच्या व्यासपीठावरून मोटारसायकलच्या बैठकीविषयी बोलणे काहींना विचित्र वाटेल. पण एकट्या राहणाऱ्या वृद्धांना औषधे पोचविणे, रुग्णालयात डबे नेणे, ही आपल्या न्यासाची कामे आपले तरुण गाडीवरूनच करतात. गेल्या वर्षी त्यांतल्या एकाने कंबरदुखीमुळे हे काम सोडले. तो माझा पुतण्या. गाडीवरून उतरल्यावर तो हात झटकीत असे, कंबर धरून उभा राहत असे. मी ते पाहिले होते आणि "तरुण वय आहे, जाईल" म्हणून सोडून दिले होते. व्यायाम शिकविणाऱ्याने असे करावे, याची मला आजही लाज वाटते.

आपले गाव प्रा. माणिकरावांचे व जुम्मादादा व्यायाममंदिराचे आहे. आखाड्यात आधी पवित्रा शिकवितात, मग डाव. गाडीचा परवाना मात्र आपण पवित्रा न शिकताच मिळवितो.

या पवित्र्याचे मर्म एकच : शरीराचा भार तळहातांवर नव्हे, तर बैठक, मांड्या व पोट यांनी सांभाळावा. गाडी मधल्या स्टँडवर उभी करून नेहमीसारखे बसा आणि हात अलगद उचला. अंग पुढे कोसळू लागले, तर तुम्ही आजवर हातांवर टेकून बसत होता असे समजा. पुढे वाकायचे ते पाठीला पोक काढून नव्हे, कमरेखालच्या सांध्यातून. गुडघे टाकीला हलके लागलेले, कोपरे किंचित वाकलेली, खांदे कानांपासून खाली सोडलेले असावेत. मनगट हाताच्या रेषेत राहावे. ब्रेक व क्लचचे दांडे त्या मापाने मिस्त्रीकडून बसवून घ्यावेत. मूठ घट्ट आवळल्याने व हादऱ्यांनी बोटांकडे जाणाऱ्या नसा दबतात व मुंग्या येतात. मागच्या खिशातले पाकीट काढून ठेवा. त्याने बैठक एका बाजूला कलते.

भगिनींना एक विनंती. मागे एका बाजूला पाय टाकून बसल्याने कंबर सारखी पिळलेली राहते व तोलही कमी राहतो. पोशाख अनुकूल असेल तेव्हा दोन्हीकडे पाय टाकून बसावे. पदर व ओढणी चाकापासून जपावी. हेल्मेट दोघांनीही घालावे.

आता व्यायाम. रोज दहा मिनिटे पुरतात. मार्जारासन सावकाश दहा वेळा. उताणे झोपून, गुडघे वाकवून, कंबर उचलून पाच सेकंद धरणे, हेही दहा वेळा. हनुवटी न झुकविता डोके सरळ मागे नेणे दहा वेळा. याने मान सुटते. एक गुडघा जमिनीवर टेकून दुसरा पाय पुढे ठेवावा व मांडीचा पुढचा भाग अर्धा मिनिट ताणावा. मग पाय बदलावा. शेवटी मनगटे दोन्ही बाजूंनी हलके ताणावीत. लांबच्या प्रवासात तासाभराने उतरून पाच मिनिटे चालावे. उत्तम बैठकही फार वेळ न हलता ठेवली की दुखतेच.

मात्र दुखणे पायात उतरत असेल, पाऊल लुळे पडत असेल, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे जावे. लघवीवरचा ताबा सुटला किंवा जांघेत बधिरपणा आला, तर तासाभराचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

माझ्या पुतण्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने हाच क्रम केला. तीन महिन्यांनी तो पुन्हा डबे नेऊ लागला. पहिल्या दिवशी एका आजींनी त्याला विचारले, "इतके दिवस कुठे होतास रे?" त्याला उत्तर सुचले नाही. ते उत्तर खरे तर मी द्यायला हवे होते.

आपल्या घरातले कोणी गाडीवरून उतरून हात झटकीत असेल, तर आज रात्रीच त्याची विचारपूस करा, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.