धावफलकात न मावलेला गोलंदाज



आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात उन्हाळ्यात तेंदूपाने तोडतात. 70 पानांचा एक पुडा. पुडे मोजून मजुरी मिळते. पहाटेपासूनची पायपीट कोणी मोजीत नाही. आज ज्याच्याविषयी बोलायचे, त्या सदाशिव गणपतराव शिंदे यांचा हिशेबही असाच झाला.

शिंदे 1923 साली मुंबईत जन्मले. लेगब्रेक आणि गुगली ही त्यांची आयुधे. 1940-41 च्या हंगामात ते महाराष्ट्राकडून खेळू लागले. तो महायुद्धाचा काळ. इंग्लंडातील कौंटी सामने बंद पडले होते. आपल्याकडे रणजी सामने चालू राहिले. परंतु 1936 नंतर थेट 1946 पर्यंत भारताला एकही कसोटी मिळाली नाही. उमेदीची वर्षे अशी घरच्या मैदानावर गेली. खेळपट्ट्या तर फलंदाजांच्या बाजूच्या! 1943-44 मध्ये मुंबईने महाराष्ट्राविरुद्ध 735 धावा केल्या, त्यांत विजय मर्चंट नाबाद 359. त्या डावात शिंद्यांनी 186 धावांत 5 बळी घेतले. असा डाव चालू असता चेंडू मागून घेणे, हेच मुळी धैर्याचे काम.

1946 साली लॉर्ड्सवर त्यांना कसोटी लाभली. पण त्यांचा खरा सामना नोव्हेंबर 1951 चा, दिल्लीचा. इंग्लंडचा पहिला डाव 203 धावांत संपला; शिंदे 91 धावांत 6 बळी. भारताने 418 केल्या. विजय दिसू लागला. तोवर भारताने एकही कसोटी जिंकली नव्हती. दुसऱ्या डावात मात्र शिंद्यांच्या गोलंदाजीवर झेल सुटले, वॉटकिन्स नाबाद 137 करून ठाण मांडून बसले आणि सामना अनिर्णित राहिला. पहिला विजय फेब्रुवारी 1952 मध्ये मद्रासला आला, मंकडांच्या 12 बळींनी. त्या संघात शिंदे नव्हते.

7 कसोट्या, 12 बळी. त्यांतले 8 एकट्या दिल्लीचे. जून 1955 मध्ये विषमज्वराने ते गेले, तेव्हा वय अवघे 31.

श्रोतेहो, हातून निसटलेला झेल गोलंदाजाच्या खाती जमा होत नाही. नियम म्हणून ते योग्यच आहे. त्यावाचून खेळ चालायचा नाही. पण माणसाची किंमत करताना तोच नियम आपण लावावा काय? आपल्या शाळेत, कचेरीत, घरात असा एखादा शिंदे असेल. त्याचे पुडे मोजा. पण तो किती चालला, तेही एकदा विचारा.