विद्यार्थ्याची खोली
(विद्यार्थी व पालकांच्या सभेत केलेले भाषण)



गेल्या जून महिन्यात मराठवाड्यातील एक मुलगा मजकडे आला. मुंबईच्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला होता, परंतु वसतिगृहात जागा मिळाली नव्हती. खोलीसाठी तो चार ठिकाणी गेला. तीन ठिकाणी भाडे आवाक्याबाहेरचे होते. चौथ्या ठिकाणी भाडे जमले, तोच मालकाने आडनाव विचारले आणि खोली एकाएकी दुसऱ्यास दिलेली निघाली. हा प्रश्न त्या एका मुलाचा नाही, आपणां सर्वांचा आहे.

खोली म्हणजे नुसता निवारा नव्हे. परळच्या बी. आय. टी. चाळीत १९१२ ते १९३४ या काळात बाबासाहेबांचे बिऱ्हाड होते. खोल्या दोनच, त्यांतील एक संसाराची आणि एक अभ्यासाची. पुढे १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरास वसतिगृह काढले. विद्येला आधी जागा लागते, हे त्या पिढीने ओळखले होते.

मुंबईच्या बी. डी. डी. चाळींकडे पाहा. १९२० नंतरच्या काही वर्षांत सरकारने अशा २०७ चाळी बांधल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. तेथे आपल्या कुटुंबांनी दिवस काढले व मुले शिकविली. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील ५५६ कुटुंबांस ५०० चौरस फुटांच्या मालकी घरांच्या किल्ल्या मिळाल्या. ही आनंदाचीच गोष्ट होय. परंतु जुना भाडेकरू मालक होत असता स्वस्त भाड्याची लहान खोली मात्र शहरातून नाहीशी होत आहे. मग गावाहून येणाऱ्या मुलाने, मोलमजुरी करणाऱ्या एकट्या स्त्रीने राहावे कोठे? आज त्यांस मालकी घर नको. परवडेल अशी, आतून कडी लावता येईल अशी एक खोली हवी.

वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी शासनाने २०१६-१७ मध्ये स्वाधार योजना काढली. मुंबई-पुण्यासाठी तीत ठरविलेल्या वार्षिक ६०,००० रुपयांत निवासाचा वाटा २०,००० रुपयांचा, म्हणजे महिन्यास सुमारे १,६६६ रुपये. एवढ्यात मुंबईत काय मिळते, हे आपण जाणताच. आणि जेथे आडनावच आड येते, तेथे पैसा तरी काय करणार?

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी. सरकारी जमिनीवरील प्रत्येक पुनर्विकासात भाड्याच्या लहान खोल्या राखून ठेवाव्यात आणि त्यांचे वाटप जाहीर यादीने व्हावे. ही भीक नव्हे, हा हक्क आहे. तोवर आपणही स्वस्थ बसू नये. ज्यांस नवे घर लाभले, त्यांनी एका विद्यार्थ्यास आसरा द्यावा. विहाराची दारे रात्री अभ्यासासाठी उघडी ठेवावीत.

तो मुलगा आज एका बौद्ध कुटुंबात राहतो. रात्री भांडीकुंडी आवरल्यावर स्वयंपाकघरात तो पुस्तक उघडतो. त्या कुटुंबाने आपले कर्तव्य केले आहे. समाजाचे आणि शासनाचे कर्तव्य अद्याप व्हावयाचे आहे.

जय भीम!