तंतुकणिकेची दारं



परळला केईएम आणि टाटा मेमोरियल ही दोन इस्पितळं अगदी शेजारी-शेजारी आहेत. केईएम १९२६ सालचं, टाटा १९४१ सालचं. मधल्या रस्त्यावर हातात फायली आणि एक्स-रेची पाकिटं घेतलेली गावोगावची माणसं दिसतात. एकीकडे हृदयविकाराच्या विभागात झटका आलेल्या माणसाच्या पेशी मरू नयेत म्हणून धडपड चालते. दुसरीकडे कर्करोगाच्या पेशी मराव्यात म्हणून. आणि दोन्हीकडचा निकाल बऱ्याच अंशी पेशीतल्या एकाच प्रकारच्या कणावर अवलंबून असतो. त्याचं नाव तंतुकणिका, म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया.

मी विज्ञानाचा माणूस नाही. मराठी घेऊन बी.ए. झालो आणि कविता लिहितो. त्यामुळे मला आधी नावानंच पकडलं. १८९८ साली कार्ल बेंडा या जर्मन शास्त्रज्ञानं ग्रीक शब्द जोडून ते केलं. मायटॉस म्हणजे सूत आणि कॉन्ड्रियन म्हणजे बारीक दाणा. माझे अब्बा गिरणीत साचेवाले होते, आमच्या घरात सूत हा रोजच्या भाकरीचा शब्द. तेव्हा पाठ्यपुस्तकातलं ‘तंतुकणिका’ मला परकं वाटलं नाही. शाळेत मात्र ‘पेशीचं ऊर्जाघर’ एवढंच पाठ करून घेतात आणि एका गुणावर विषय संपतो. हे खरं असलं तरी अर्धंच आहे. गिरणी समजून घ्यायची तर किती वार कापड निघालं एवढं विचारून भागत नाही, गेटवर काय चालतं तेही बघावं लागतं.

तंतुकणिकेला दोन भिंती असतात. बाहेरच्या भिंतीत पिंपाच्या आकाराची असंख्य दारं आहेत. त्यांना व्हीडॅक म्हणतात. १९७६ साली पॅरामेशियम या एकपेशीय जीवाच्या तंतुकणिकांत ती प्रथम सापडली. एका दाराची रुंदी मिलीमीटरच्या सुमारे चार लाखाव्या भागाइतकी. विजेचा दाब वाढला की ते अर्धवट मिटतं. याच दारांतून तयार झालेली ऊर्जा एटीपीच्या रूपात बाहेर पडते आणि वापरून झालेला माल पुन्हा भरण्यासाठी आत येतो. ही उलाढाल किती मोठी? माणसाच्या अंगात एका वेळी एटीपी असतं पाव किलोहूनही कमी, पण तेच पुन्हा पुन्हा भरलं जाऊन दिवसभरात जवळपास त्याच्या स्वतःच्या वजनाइतकं खर्ची पडतं.

आतली भिंत फार कडक. तिच्या दोन बाजूंमध्ये दीडशे मिलिव्होल्टच्या आसपास विजेचा दाब असतो आणि त्याच्या जोरावर एटीपी बनतं. हा विचार मांडणाऱ्या पीटर मिचेल यांना १९७८ चं नोबेल मिळालं.

दोन भिंतींच्या मधल्या जागेत सायटोक्रोम-सी नावाचं एक प्रथिन काम करत असतं, ऊर्जा तयार करण्याचं, साधं पाळीवरचं काम. १९९६ साली अमेरिकेत शाओडाँग वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की हेच प्रथिन बाहेरची भिंत ओलांडून पेशीत उतरलं की ती मरणाची वर्दी ठरते. मग पेशी स्वतःला व्यवस्थित सोडवत, आवरत नाहीशी होते. या मरणाला १९७२ साली जो ग्रीक शब्द दिला गेला त्याचा अर्थ आहे पानगळ. ही पानगळ नसती तर आईच्या पोटात आपली बोटं सुटी झाली नसती.

सायटोक्रोम-सी बाहेर पडतं ते व्हीडॅकमधून नाही, त्याला ते दार अपुरं पडतं. बॅक्स आणि बॅक ही दोन प्रथिनं बाहेरच्या भिंतीला भोकं पाडतात. त्यांना रोखून धरणारं तिसरं प्रथिन म्हणजे बीसीएल-२. १९८८ साली मेलबर्नच्या संशोधकांनी दाखवलं, की बीसीएल-२ जास्त झालं तर पेशी भराभर वाढत नाही, ती फक्त मरत नाही. कर्करोग म्हणजे बेसुमार वाढ असं आपण धरून चालतो. मरायला नकार हाही त्याचा तितकाच मोठा भाग आहे. केमोथेरपीनं पेशीला घायाळ केलं, तरी बीसीएल-२ नं दार घट्ट धरून ठेवलं तर औषध फुकट जातं. ती पकड सोडवणारं व्हेनेटोक्लॅक्स हे औषध २०१६ साली अमेरिकेत मंजूर झालं, रक्ताच्या कर्करोगाच्या एका प्रकारावर.

आता दुसरं इस्पितळ. अब्बांना झटका आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, “रक्त सुरू झालंय. आता आजची रात्र बघू.” रक्त सुरू झालं तर काळजी कसली, हे मला तेव्हा कळेना. कारण असं, की रक्त थांबलेल्या काळात हृदयाच्या पेशींत कॅल्शियम साचत जातं. त्यात एकदम प्राणवायू परत आला, की पहिल्या काही मिनिटांतच तंतुकणिकेच्या आतल्या भिंतीतलं एक छिद्र उघडतं. ते उघडंच राहिलं तर विजेचा दाब कोसळतो, एटीपी बनवणारं यंत्र उलटं फिरून उरलेलं एटीपी जाळायला लागतं, तंतुकणिका फुगून फुटते. म्हणजे जीव वाचवायला आलेलं रक्तच थोडं नुकसान करून जातं. तरीही धमनी लवकर उघडण्याला पर्याय नाही, कारण ती बंद राहिली तर नुकसान कितीतरी जास्त. अब्बा त्या रात्रीतून तगले, पुढे सहा वर्षं जगले.

ते छिद्र मिटवायचा प्रयत्न झाला. मूत्रपिंडरोपणात वापरतात ते सायक्लोस्पोरिन २००८ साली फ्रान्समध्ये ५८ रोग्यांवर वापरून पाहिलं गेलं, तेव्हा हृदयाची हानी कमी दिसली. २०१५ साली ९७० रोग्यांवरच्या चाचणीत काहीच फायदा आढळला नाही. वर्तमानपत्रात ५८ ची बातमी मोठी होते, ९७० ची कोपऱ्यात जाते, ही आपली खोड. ते छिद्र नेमकं कोणत्या प्रथिनाचं, यावर शास्त्रज्ञांत आजही वाद आहे.

आणि ही दोन इस्पितळं वाटतात तितकी वेगळीही नाहीत. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचं जुनं औषध आहे, सलाईनमधून जाताना लालभडक दिसतं. कर्करोगाच्या पेशींना ते मरायला लावतं, पण हृदयाच्या तंतुकणिकांनाही इजा करतं. म्हणून ते सुरू करण्याआधी डॉक्टर रोग्याला हृदयाचा टूडी इको करून आणायला सांगतात, आणि एका माणसाला उभ्या आयुष्यात ते किती द्यायचं याची मर्यादा ठरलेली असते.